फरशी कापायची मशीन आणि माझा दगड

मागच्या वर्षी, तिकडे परदेशात तुम्हाला उन्हाळ्याची सुट्टी होती तेव्हा, तुम्ही दोघांनी मला एक व्हिडिओ पाठवला होता. तिकडचा कुणी दाढीवाला माणूस आपल्या गॅरेजमध्ये बसून बटाट्यांसारखे दगड कापतो आणि प्रत्येक दगड उघडला की आनंदाने ओरडतो. खाली तुम्ही लिहिलं होतं, ‘आजी, तुला आवडेल.’ मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. बाराव्यांदा आजोबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आज जेवण मिळणार आहे का, असं विचारलं.

अकरा वेळा का पाहिला, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. फोनवर सांगायला जावं तर तुमचा बाबा मधेच शिरून ‘शॉक’, ‘बोटं’ आणि ‘वय’ हे तीन शब्द उच्चारतो, आणि गोष्ट तिथेच संपते. म्हणून नीट क्रमाने लिहून काढते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू द्या. मला या कामाला पन्नास वर्षं लागली.

माझ्याजवळ एक दगड आहे. मुठीपेक्षा थोडा लहान, बाहेरून चिकूच्या सालीसारखा तपकिरी आणि खरबरीत. मी नागपूरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते तेव्हा तो मला सापडला. आमच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. सर आम्हा सगळ्यांना शहराच्या पश्चिमेला एका ओढ्यात घेऊन गेले होते. तिकडचा काळा दगड म्हणजे गोठलेला लाव्हा. त्यात हवेचे बुडबुडे राहून जातात, पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहतं, आणि ते बुडबुडे गारगोटीने भरतात. काळा दगड झिजला की आतली गारगोटी बी गळावी तशी गळून पडते. मला सापडली ती अशीच एक होती. सरांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले की आत रंगीत पट्टे असतील, स्फटिक असतील किंवा काहीच नसेल. कापल्याशिवाय कळायचं नाही. हातोडीने फोडली तर चुरा होईल.

कॉलेजात दगड कापायची मशीन होती. ती चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते. मुलांना ते शेजारी उभं करून मशीन चालवू देत. मी गेले तेव्हा त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं आणि विचारलं, पदर मशीनच्या पट्ट्यात गेला तर तुमच्या वडिलांना मी काय सांगू? त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, कारण पट्टा खरोखर उघडा होता. दगड ठेवून जा, उद्या कापून देतो, असं ते म्हणाले. मी ठेवला नाही. तो उघडेल तेव्हा माझ्या हातात उघडावा, एवढंच मला हवं होतं. रुमालात बांधून मी तो घरी परत आणला.

पुढच्या वर्षी लग्न झालं, मी रायपूरला आले, रेल्वेच्या ऑफिसात आवक-जावक विभागात लागले. मग तुमचा बाबा, मग तुमची आत्या. दगड त्याच रुमालात लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात राहिला. आजोबांची कित्येक वर्षं अशी समजूत होती की तो माझ्या माहेरचा कुळदेव आहे. दसऱ्याला ते कपाट उघडून त्याला नमस्कार करत. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही, कारण देव समजून ठेवलेला दगड घर बदलताना कुणी फेकून देत नाही.

तर व्हिडिओ अकरा वेळा पाहून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांना खरं सांगितलं. त्यांना आधी देवाचा धक्का बसला. मग ते म्हणाले, एवढंच ना, दे इकडे, कारखान्यातल्या जुन्या माणसाकडून संध्याकाळपर्यंत दोन तुकडे करून आणतो. तुमचे आजोबा पस्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते, आणि जगातलं प्रत्येक काम कारखान्यातला कुणी जुना माणूस करून देतो असा त्यांचा विश्वास आहे.

मी म्हणाले, “मला तो माझ्या हाताने कापायचा आहे.”

“काहून?”

का, ते सांगायचं सोडून मी पुन्हा तेच वाक्य म्हणाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, मग मशीन पाहावी लागेल. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी वरणात दोनदा मीठ घातलं. ते निमूटपणे जेवले.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी नवी वही काढली आणि पट्टीने रेघा मारल्या. खास रत्नं-दगड कापायच्या मशिनी परदेशातून येतात, आणि त्या किमतीत आपल्या जिन्याला वरपासून खालपर्यंत ग्रॅनाइट बसलं असतं. तो रकाना मी पहिल्याच दिवशी खोडला. मग वाचता वाचता कळलं की घरी दगड कापणारे बहुतेक लोक फरशी कापायची मशीनच वापरतात. तत्त्व एकच. लोखंडी चकतीच्या काठाला हिऱ्याचे बारीक कण लावलेले असतात, आणि ती पाण्यात भिजत फिरते, म्हणजे तापत नाही आणि धूळ उडत नाही. ही धूळ छातीत गेली तर वाईट, म्हणून पाणी हवंच. मी आजोबांना जाऊन सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही मला हिरे घेऊन देणार आहात. त्यांनी विचारलं, किती कॅरेटचे? मी म्हणाले, सात इंचांचे.

सात इंच हे लगेच ठरलं नव्हतं. आधी मला सगळ्यात स्वस्त ते हवं होतं, म्हणजे मिस्त्री लोक हातात धरून चालवतात ते छोटं कटर. ते प्रत्यक्ष पाहायला आम्ही स्कूटरवर अभनपूरच्या रस्त्याला गेलो. तिथे एका शेडमध्ये एक मिस्त्री कोटा फरशी कापत होता. एका हातात कटर, दुसऱ्या हातात झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली. मी दगड पर्समधून काढून त्याला दाखवला. त्याने तो तळहातावर फिरवला आणि कटर बंदच करून ठेवलं.

“माताजी, यह गोल चीज़ है. फर्शी चुपचाप लेटी रहती है, यह भागेगा.”

त्याने मला तासभर समजावलं, आणि पैसे विचारले तर हात जोडले. हातातलं कटर सपाट वस्तूवर चालतं. गोल दगड टेबलावर घट्ट बसवायला हवा, चकती एका जागी राहायला हवी आणि दगड सावकाश तिच्याकडे ढकलायला हवा. दोन्ही हलले तर काम गेलं. मी तिथेच उभ्याने वहीत लिहून घेतलं. त्याला माझी वही फार आवडली. त्याने त्यात स्वतःच्या हाताने चकतीचं चित्र काढून दिलं: एक सलग काठाची, एक खाचा असलेली. दगडासाठी सलग काठाची घ्यायची, खाचांची घेतली तर कड उडते, असं तो म्हणाला.

घरी येऊन मी आजोबांच्या व्हर्नियरने दगड मोजला. उंची साडेपाच सेंटीमीटर. चार इंची चकतीची टेबलाची मशीन स्वस्त होती, पण ती धड दोन सेंटीमीटरही आत जात नव्हती. दहा इंची फारच छान होती, पण तिला स्वतंत्र खोली द्यावी लागली असती. सात इंची चकती टेबलाच्या वर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर येते. म्हणजे एका बाजूने कापायचं, उलटायचं, आणि दुसऱ्या बाजूने कापत मधे भेटायचं. मी आकडा पुन्हा पुन्हा पडताळून पाहिला आणि सात इंचांवर लाल पेनने गोल केला.

मग आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने मला पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलायला आजोबांकडे वळला. किती फरशी आहे सर, किचन की बाथरूम? आजोबा म्हणाले, एक. दुकानदाराने विचारलं, एक बाथरूम? आजोबा म्हणाले, एक पत्थर. मी खुर्चीतून विचारलं की चकतीचा काठ सलग आहे का. त्याने आजोबांना उत्तर दिलं की आहे. मी विचारलं, पाण्याचा ट्रे काढून धुता येतो का. त्याने आजोबांना ट्रे काढून दाखवला. मी विचारलं, जास्तीची चकती इथेच मिळेल का. त्याने पुन्हा आजोबांकडे तोंड केलं, तेव्हा आजोबा म्हणाले:

“मुझसे क्या पूछते हो भैया, मशीन मैडम की है. मैं तो थैला पकड़ने आया हूँ.”

त्यानंतर दुकानदाराने माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि सगळं नव्याने दाखवलं. चालू चकतीला बोट लावून त्याने हेही दाखवलं की ती दगड कापते, कातडी सहसा नाही. वहीत मी त्याच्यापुढे ‘हे कधीही करू नये’ असं लिहिलं, आणि तुमच्यासाठीही लिहिते. मशीन अपेक्षेपेक्षा स्वस्त पडली, कारण खोक्याचा कोपरा फाटला होता आणि मी तो दुकानदाराच्या आधी पाहिला.

घरी येताना खोकं स्कूटरवर आजोबांच्या पायांपाशी होतं, त्यामुळे त्यांचे गुडघे टोळासारखे दोन्हीकडे बाहेर आलेले. प्रत्येक गतिरोधकावर खोकं उडायचं, गुडघे आणखी फाकायचे आणि ते मागे वळून, हसू नको, बॅलन्स जातो, असं म्हणायचे. चौबे कॉलोनीत शिरेपर्यंत माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर किती वेळा आपटलं ते विचारू नका. सिग्नलवर एका रिक्षावाल्याने विचारलं, आंटी, लॉटरी लगी क्या? मी हो म्हणून सांगितलं.

पण मशीन त्या दिवशी सुरू झाली नाही. दोन दिवसांवर विश्वकर्मा पूजा होती. तुम्ही तिकडे ही पाहिलेली नाही. आपल्याकडे कारखान्यात, गॅरेजात, छापखान्यात, जिथे म्हणून एखादं चाक फिरतं, तिथे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि ती दिवसभर विश्रांती घेतात. आजोबांचं म्हणणं पडलं की नवी मशीन पूजेआधी चालवायची म्हणजे बाळाला बारशाआधी शाळेत पाठवायचं. मी पन्नास वर्षं थांबले होते, दोन दिवसांनी काय होणार होतं. त्या दोन दिवसांत त्यांनी मला एक फार चांगली युक्ती दिली. श्रीखंडाच्या चौकोनी डब्यात दगड ठेवून भोवती प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. वाळल्यावर डबा काढला की गोल दगडाची सपाट वीट होते, मग तो पळत नाही आणि उलटलाही नीट जातो. आम्ही तसंच केलं. पाण्याजवळ वीज आहे म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून असा स्विच बसवून घेतला, की करंट जरा चुकीच्या वाटेने गेला तर तो आपोआप पडतो. तुमच्या बाबाला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

पूजेच्या दिवशी मागच्या अंगणात आजोबांचे नट-बोल्ट आवळायचे पाने, जुनी ड्रिल मशीन, माझी शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर आणि मधोमध माझी नवी मशीन, असा सगळा परिवार मांडला होता. प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूचं फूल. मी आत शिरा करत होते. बाहेर त्यांनी नारळ फोडला, प्रसाद वाटीत काढला. मग त्यांच्यापुढे ताम्हण राहिलं. त्यात हळदीकुंकू कालवलेलं पाणी होतं. पूजेचं पाणी पायाखाली जाईल अशा ठिकाणी टाकायचं नाही हा आपला नियम, आणि तुळशीला त्यांनी आधीच भरपूर घातलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते पाणी, नारळाच्या पाण्यासकट, माझ्या मशीनच्या ट्रेमध्ये ओतलं. पहिलं पाणी तिचंच, असा त्यांचा शुद्ध विचार. वर मशीनचं टेबल झाकणासारखं बसवलं. मला हे सांगायचं ते विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार झाले. साडी नाही, ओढणी नाही, बांगड्या काढलेल्या, मंगळसूत्र आत खोचलेलं. आजोबांचा पायजमा आणि त्यांचा जुना पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडलेल्या. तोंडाला मास्क, डोक्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी, आणि डोळ्यांना तुम्ही मागे विसरून गेलात तो पोहण्याचा चष्मा. आरशात पाहून मला इतकं हसू आलं की मास्क बदलावा लागला. ट्रेमध्ये मी बाजूच्या फटीतून स्वच्छ पाणी घातलं. कुंडीतला एक चपटा गोटा सरावासाठी घेतला. आजोबा जिन्याच्या पायरीवर बसले. मी बटण दाबलं.

आवाज मोठा होता, पण मला तो फार आवडला. गोटा मी दोन्ही हातांनी टेबलावर दाबून हळूहळू पुढे नेला. चकती त्याला लागली, आणि पाणी उडालं. चष्म्यावर ओघळ आले, मला काही दिसेना, पण गोटा आत जातो आहे हे हाताला कळत होतं. नारळाचा वास येत होता. सकाळच्या चटणीचा असेल असं मला वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या दीदींची (आम्ही दोघी एकमेकींना दीदीच म्हणतो) किंकाळी आली.

“हाय दाई! दीदी के हाथ कट गे!”

मी चष्मा वर केला. सदरा गळ्यापासून पोटापर्यंत लाल होता. हात लाल, टेबल लाल, मागची चुन्याची भिंत लाल शिंतोड्यांनी भरलेली. मला काहीच दुखत नव्हतं, म्हणून माझी खात्री झाली की आजोबांनाच काहीतरी झालं आहे. मी त्यांच्याकडे धावले. ते माझ्याकडे धावत होते. मधेच त्यांना मेन स्विच आठवला आणि त्यांनी सगळ्या घराची वीज बंद केली. तोवर दीदी फाटकातून आत आल्या त्या स्वयंपाकघरातला हळदीचा डबा घेऊनच. रक्तावर हळद. त्यांनी माझा उजवा हात पकडला आणि त्यावर मूठभर हळद दाबली. आजोबांनी डावा पकडला आणि बोटं मोजली. पाच. मग उजवा मागून घेऊन हळद झटकून मोजली. पाच. दीदींचा विश्वास बसेना, त्यांनी हिंदीत पुन्हा मोजली. मग मी स्वतः मोजली. तिघांनी मोजलेली मिळून तीस बोटं झाली आणि सगळी शाबूत होती.

आजोबांनी मशीनचं झाकण उचललं. ट्रेच्या तळाशी कुंकवाचा गाळ होता आणि त्यावर झेंडूच्या दोन पाकळ्या फिरत होत्या. त्यांनी एक पाकळी बोटाने उचलली. मग हळूच म्हणाले की काल ते पाणी त्यांनीच टाकलं. दीदी आधी हसल्या. मग मी. मी पायरीवर बसून हसले, उठून हसले, भिंतीला धरून हसले, आणि दर वेळी थांबायला गेले की हळदीने माखलेला तो हात मला दिसायचा.

आजोबा मात्र हसत नव्हते. त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि वायर हाताभोवती गुंडाळली.

“कुंकू माझंच होतं, मले माहीत आहे. पण रक्त असतं तर? तुझा दगड आता मी कापून देतो. तू इथं बसून पाह्य.”

दीदी म्हणाल्या, हव, भैया बरोबर बोलतात.

खरं सांगते, एक मिनिट मी हो म्हणायच्या अगदी काठावर होते. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता आणि त्याला कारण मी होते. ते कापतील ते माझ्यापेक्षा सरळच कापतील, पस्तीस वर्षांचा हात आहे त्यांचा. कॉलेजातल्या त्या गृहस्थांनीही सरळच कापला असता. दोघांचंही म्हणणं मायेचंच. पण पुन्हा रुमालात बांधून ठेवायला माझ्याजवळ आणखी पन्नास वर्षं नव्हती, आणि एकदा कापलेला दगड दुसऱ्यांदा पहिल्यांदा कापता येत नाही.

मी आत जाऊन गॅसवर चहा ठेवला. तिघांना कपबशीतून दिला. आजोबांनी बशी उचलली आणि कप तिच्यात खडखड वाजायला लागला. चहा बशीत सांडला. त्यांनी दोन्ही हातांनी धरली, तरी वाजतच राहिली.

मी म्हणाले, “अहो, तुमचे हात पुढे करा.”

त्यांनी केले. त्यांच्या शेजारी मी माझे धरले. एक हात हळदीने पिवळा, एक कुंकवाने लाल, पण दोन्ही स्थिर. त्यांचे पानासारखे हलत होते. ते चारही हातांकडे पाहत राहिले. दीदींनी तोंडाला पदर लावला.

“तुले भ्या नाही वाटून राहिलं?”

“वाटतंय. पण हाताला नाही.”

त्यांनी वायर सोडायला सुरुवात केली. प्लग लावला, घराची वीज पुन्हा सुरू केली आणि म्हणाले, काप, मी स्विचपाशी उभा आहे.

आधी मी ट्रे दोनदा धुतला. ते पाणी यावेळी जास्वंदीला घातलं. प्लास्टरच्या विटेवर पेन्सिलने चारही बाजूंनी रेघ ओढली. आजोबा स्विचला बोट लावून उभे राहिले, बंदूक धरावी तसे. दीदी घरी गेल्या नाहीत. हळदीचा डबा छातीशी धरून त्या तुळशीपाशी थांबल्या.

प्लास्टर लोण्यासारखं कापलं गेलं, पांढरं दूध वाहायला लागलं. मग अचानक आवाज चढला, आणि मला कळलं की आता तो लागला. तिथून पुढे ढकलायचं नसतं. नुसतं टेकून उभं राहायचं, चकती आपली आपण जाते. मी टेकून उभी राहिले. खांदे दुखायला लागले, मास्कच्या आत घाम यायला लागला, आणि आत कुठेतरी गुदगुल्या व्हायला लागल्या, झोका खूप वर गेल्यावर होतात तशा. एक बाजू संपायला वीस मिनिटं लागली. मी वीट उलटली, रेघ जुळवली, पुन्हा सुरू केलं. शेवटी आवाज एकदम पातळ झाला आणि माझ्या दोन हातांत दोन वेगवेगळे तुकडे होते.

आजोबांनी स्विच बंद केला. मी दोन्ही अर्धे मगभर पाण्यात बुडवून काढले.

आत पट्टे नव्हते. लाल नाही, निळं नाही, त्या व्हिडिओतल्यासारखं काही नाही. थंड झालेल्या साबुदाण्याच्या खिरीचा जो रंग असतो, तसा तो काठापासून काठापर्यंत होता, धुरकट आणि अर्धवट पारदर्शक. फक्त एका कडेला चिंचोक्याएवढी पोकळी होती, आणि तिच्यात साखरेच्या दाण्यांएवढे स्फटिक उभे होते. मी रेघ जराशी चुकवली होती म्हणून पोकळी सगळी एकाच अर्ध्यात गेली, दुसऱ्यात नुसता खळगा. मधोमध एक पायरीही पडली आहे. दोन्ही बाजूंचे काप मधे भेटले, पण तांदळाच्या दाण्याइतके एकमेकांना चुकून.

दीदी वाकून पाहत म्हणाल्या, “बस, अतके?”

बस, एवढंच. मी तो उन्हात धरला. त्या चिंचोक्याएवढ्या खोलीत लाव्हा गोठला तेव्हापासून कधी उजेड गेला नव्हता. तो पहिल्यांदा गेला तो चौबे कॉलोनीतला, सकाळी साडेदहाचा, आणि दार मी उघडलं होतं. मी ओरडले. त्या दाढीवाल्या माणसापेक्षा मोठ्याने ओरडले असं दीदींचं म्हणणं आहे. आजोबांनी पुन्हा बोटं मोजली.

आता त्या मशीनशी माझं चांगलं जमलं आहे. महानदीचे गोटे कापून झाले, दीदींनी आपल्या गावाहून आणलेले चार कापून झाले. आजोबा रोज विचारतात की तुझ्या दगडातली ती पायरी घासून सपाट करून देऊ का, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नको म्हणते. त्या पायरीवर नख अडकतं, ते मला हवं आहे.

एक अर्धा तुम्हाला कुरियरने पाठवावा, असाही त्यांचा आग्रह आहे. मी पाठवणार नाही, दोन्ही माझ्याजवळच राहतील. पाहायला इकडे या, आणि येताना तिकडच्या नदीतून आपापला एकेक दगड शोधून आणा. मी प्लास्टर कालवून देईन, रेघ कशी ओढायची ते सांगेन, आजोबा स्विचपाशी उभे राहतील. कापून मात्र मी देणार नाही.